कानाचा दडा सुटेना तेव्हा

कानाला दडा बसलाय असं सांगितलं की समोरचा पहिलं विचारतो, पाणी गेलं का? नाही म्हटलं की, सर्दी आहे का? तीही नाही म्हटल्यावर, मग मळ असेल म्हणतो आणि विषय संपवतो. माझ्या डाव्या कानात पाणी नव्हतं, मळ नव्हता, सर्दीही नव्हती. चोर्ला घाट चढताना बसतो तसा दडा बसला होता. फरक एवढाच की घाटातला दडा आवंढा गिळला की सुटतो, हा सुटत नव्हता. दिवाळीत बसला तो नाताळ जवळ येईपर्यंत कमी-जास्त होत राहिला. मोठ्या आवाजानंतर कान असा भरून राहतो तेव्हा आत बहुतेक वेळा काहीच भरलेलं नसतं, ही गोष्ट मला एका निवृत्त खाण कामगारामुळे वेळेवर कळली. ती इतरांनाही कळावी म्हणून हा सगळा प्रपंच.

मी डिचोली तालुक्यातल्या एका शाळेत चित्रकला शिकवते. त्यामुळे आजूबाजूच्या वाड्यांवरून नरकासुर स्पर्धेच्या परीक्षणाला बोलावणं येतं. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगते: दिवाळीच्या आदल्या रात्री इथे वाड्यावाड्यावर नरकासुराच्या प्रतिमा उभ्या राहतात. बांबूचा सांगाडा, आत गवत आणि रद्दी, वरून रंगीत कागद, डोळ्यांत बल्ब. पहाटे कृष्ण त्याचा वध करतो आणि प्रतिमा जाळतात. पोरं महिनाभर राबतात, आणि खरं सांगते, काही चेहरे असे जमलेले असतात की जाळताना जीव हळहळतो. पण रात्रभर त्याच्या शेजारी बॉक्स, म्हणजे मोठाले स्पीकर, वाजत असतात. परीक्षकाला तर प्रतिमेच्या पायाशी उभं राहूनच बघावं लागतं, बोटांची नखं, दातांची ठेवण, पोटाचा रंग. कानठळ्या बसतात म्हणजे काय, ते तिथे उभं राहिल्याशिवाय कळत नाही. त्या रात्री एका ठिकाणी बॉक्सची भिंत माझ्या डाव्या हाताला होती आणि मंडळाचा अध्यक्ष मला प्रतिमेची यंत्रणा समजावून सांगत बराच वेळ उभा होता. त्याचे ओठ हलताना दिसत होते, एवढंच.

पहाटे घरी येऊन न्हाणं झालं, कारीट फोडलं, फोव खायला बसलो. फोव म्हणजे पोहे. आमच्याकडे गुळाचे, दुधातले, ताकातले, रोसातले म्हणजे नारळाच्या रसातले असे फोव होतात. जाऊ डावीकडून काहीतरी विचारत होती. आवाज येत होता, पण त्याची धार गेली होती. स, श, फ ही अक्षरं कोणी खोडरबराने पुसल्यासारखी. शिवाय एक बारीक शिट्टी, आणि कानात दाब. रात्रभर जागरण, उतरेल म्हटलं. बहुतेकांचं उतरतंही. अशा आवाजानंतर आलेला बधिरपणा सहसा एक-दोन दिवसांत जातो. माझा गेला नाही.

मग उपाय सुरू झाले. शेजारणीने सांगितलं, "तेल घाल मगे कानांत, लसूण कडकडोवन." सासूबाईंनी वाफ घ्यायला लावली. नवऱ्याने नाक दाबून हवा फुंकायला सांगितलं. हवा फुंकली की 'टक' असा आवाज यायचा, म्हणजे घशापासून कानापर्यंतची नळी उघडत होती, आणि दडा मात्र जागच्या जागी. जवळच्या एका डॉक्टरांकडे गेले. त्यांनी बॅटरीने आत पाहिलं, पडदा स्वच्छ आहे म्हणाले, ॲलर्जीच्या गोळ्या आणि नाकात मारायचा स्प्रे दिला, आठवड्याने या म्हणाले. दडा म्हटलं की नळी आणि नाक, हा हिशेब सगळ्यांच्याच डोक्यात इतका पक्का आहे की ऐकू किती येतं हे तपासायचं कोणाला सुचतच नाही.

आमच्या शेजारचे एक काका 2012 मध्ये खाणी बंद पडेपर्यंत क्रशिंग प्लांटवर होते. त्यांना मोबाईलची रिंग ऐकू येत नाही, नातवाची हाक ऐकू येत नाही, आणि टीव्ही ऐकतो तो आख्खा वाडा. मी कानावर हात धरून अंगणात उभी असलेली पाहून ते कुंपणाशी आले. म्हणाले, "मलाही सुरुवातीला पाळी संपली की असंच भरल्यासारखं वाटायचं. रात्री सुटायचं. मग सुटायला वेळ लागायला लागला. मग वाटायचंच बंद झालं, आणि ऐकायचंही. तू थांबू नको. पेटीत बसवून मशीनवर तपासतात ना, ते करून घे." आठवड्याची वाट न पाहता मी दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात गेले.

कान-नाक-घशाच्या ओपीडीत एका तरुण डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि आधी खणातून एक लोखंडी चिमटा काढला. शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तो नादकाटा. कोपरावर आपटून तो माझ्या कपाळाच्या मधोमध टेकवला आणि विचारलं, आवाज कुठे येतो? मी म्हटलं, उजवीकडे. त्यांनी मान हलवली. याचा अर्थ त्यांनी नंतर सांगितला तो असा: मळ किंवा पाणी यांनी कान बंद झाला असेल, तर कपाळावरचा आवाज बंद कानाकडे ओढला जातो. तो चांगल्या कानाकडे गेला, तर बिघाड आतल्या कानात असण्याची शक्यता जास्त. घरीही तोंड मिटून 'हंऽऽ' केलं की याचा थोडासा अंदाज येतो. उजव्या कानात बोट घालून मी घरी किती वेळा हुंकारले असेन! नवरा म्हणायचा, हिच्या अंगात आलं. पण तो अंदाजच. त्यावर भिस्त ठेवून घरी बसायचं नाही.

मग ती पेटी. आतून जाड स्पंज लावलेली छोटी खोली, काचेची खिडकी, कानावर हेडफोन आणि हातात बटण. आवाज ऐकू आला, कितीही बारीक असला तरी, की बटण दाबायचं. उजव्या कानाचं पटापट झालं. डाव्या कानाला सुरुवातीचे जाडे स्वर ठीक लागले आणि नंतर एका टप्प्यावर काहीच येईना. काचेपलीकडच्या ताई मशीनची खुंटी फिरवत होत्या हे दिसत होतं, म्हणजे स्वर चालू होता, आणि माझा अंगठा बटणावर नुसता टेकलेला. पोरांना परीक्षेत कोऱ्या पेपरासमोर बसलेलं मी अनेकदा पाहिलंय. त्यानंतर कानामागच्या हाडावर एक ठोकळा बसवून तेच पुन्हा. शेवटी कानात रबरी बोंडुक घालून हवेचा दाब कमी-जास्त करणारी तपासणी, तिला टिंपॅनोमेट्री म्हणतात. ती अर्ध्या मिनिटात होते.

आलेखाचा कागद हातात आला तेव्हा डॉक्टरबाईंनी पेनने दाखवलं. उजवा कान लाल गोल, डावा निळ्या फुल्या. निळी रेघ सरळ येऊन 4000 हर्ट्झवर, म्हणजे बारीक स्वरांच्या जागी, खड्ड्यात उतरली होती आणि 8000 ला पुन्हा वर आली होती. मोठ्या आवाजाने मार बसला की खड्डा बहुतेक 3000 ते 6000 च्या दरम्यानच पडतो. हवेतून ऐकलेलं आणि हाडातून ऐकलेलं दोन्ही एकाच रेषेत होतं, म्हणजे बाहेरच्या किंवा मधल्या कानात अडथळा नाही. दाबाचा आलेखही नीट शंकूसारखा, म्हणजे पडद्यामागचा दाब बाहेरच्या हवेइतकाच. "दाब नाहीच आहे," त्या म्हणाल्या, "तुम्हाला तो वाटतोय." आतल्या कानातल्या केसांसारख्या पेशी आवाजाने थकतात, काही कायमच्या जातात, माणसाच्या कानात त्या पुन्हा उगवत नाहीत. तिथून येणारी खबर कमी झाली की मेंदूला तो कान भरल्यासारखा वाटतो. मग वाफ, स्प्रे आणि फुंकर यांनी दडा का सुटला नाही, ते आपोआपच उलगडलं.

यातला एक भाग मात्र प्रत्येकाने ध्यानात ठेवण्यासारखा आहे. एका कानाचं ऐकणं अचानक, तीन दिवसांच्या आत, उतरतं असा एक वेगळा आजार असतो, आणि त्याचं पहिलं लक्षण कित्येकदा हाच 'कान भरलाय' असतो. आवाजाचा संबंध असेल-नसेल. आलेखावर लागून असलेल्या तीन फ्रिक्वेन्सींत 30 डेसिबल किंवा जास्त उतार असेल तर तो आजार धरतात, आणि त्यावर स्टेरॉइड द्यायचं तर ते पहिल्या दोन आठवड्यांत, जितकं लवकर तितकं बरं. हा फरक बॅटरीने बघून कळत नाही, पेटीतच कळतो. म्हणून घाई. माझा उतार एकाच जागी होता, तेव्हा माझ्या बाबतीत त्यांनी स्टेरॉइड दिलं नाही. गोळी नाही, थेंब नाही. इतका लांबचा प्रवास करून रिकाम्या हाताने परत आल्यासारखं वाटलं, आणि सासूबाईंना तर ते अजिबात पटलं नाही.

पुढचे आठवडे मात्र कंटाळवाणे आणि चिडचिडीचे गेले. शाळेत मध्यान्ह आहाराच्या वेळी स्टीलच्या ताटल्या एकमेकींवर पडल्या की कानात फडफड व्हायची, आत एखादी पाकोळी अडकल्यागत, आणि दडा पुन्हा घट्ट. कानात दोन चिमुकले स्नायू असतात. एक पडद्याला ताण देतो, दुसरा आतल्या सर्वांत लहान हाडाला आवरतो. घाबरलेल्या कानात ते क्षुल्लक आवाजालाही दचकतात. डॉक्टरबाईंनी विचारलं होतं की झोपेत दात खाता का. खाते. पडद्याच्या त्या स्नायूचा मज्जातंतू जबड्याच्याच मज्जातंतूची फांदी आहे. तेव्हा जबडा सैल ठेवणं, रात्री गरम फडक्याने शेकणं हे चालू केलं आणि फडफड कमी झाली. कार्तिकातली भजनं होती, पण टाळांच्या जवळ बसणं अशक्य. देवळात मागच्या खांबाशी बसायचे.

आणि कापूस. घरातल्यांनी दिवसभर कानात कापूस घालायला लावला होता. गोमेकॉत तो बघूनच डॉक्टरबाई हसल्या. एक तर कापसाने आवाज फारसा अडत नाही. दुसरं, शांत जागी कान बंद ठेवला की मेंदू आतून आवाज वाढवून घेतो, मग शिट्टीही मोठी वाटते आणि साधी ताटली बंदुकीसारखी. गोंगाटात कान झाका, घरात उघडे ठेवा, निजताना पंख्याचा सळसळ आवाज राहू दे, इतकंच. हे ऐकायला सोपं आणि पाळायला अवघड, कारण एकदा कान दुखावला की हात आपोआप तिकडे जातो.

दडा कधी गेला ते सांगता येत नाही. आधी सकाळचे दोन तास मोकळे, मग शनिवार-रविवार मोकळे, मग एखाद्या लग्नातल्या बँडनंतर पुन्हा अर्धा दिवस. नाताळच्या सुट्टीत दुसऱ्यांदा पेटीत बसले. खड्डा बराच भरून आला होता, पूर्ण नाही. जे उरलंय ते बहुधा उरणारच, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. शिट्टी आता फक्त मध्यरात्री, तीही शोधली तर.

आवाजाचं गणित मी आता वर्गातल्या मोठ्या मुलांना फळ्यावर मांडून दाखवते. 85 डेसिबलमध्ये जास्तीत जास्त आठ तास राहायचं. पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा. 88 ला चार तास, 91 ला दोन, 94 ला एक, आणि 100 ला पाव तास. उघड्यावर अंतर दुप्पट केलं की साधारण 6 डेसिबल उतरतात, म्हणजे बॉक्सपासून दोन पावलांवरून चार पावलांवर सरकलं तरी फुकटचा फायदा. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागात रात्री दहानंतर 45 डेसिबल ही मर्यादा आहे, हे सांगितलं की वर्ग हसतो. हसू दे. नरकासुर बंद करा असं मी म्हणत नाही. बॉक्स प्रतिमेच्या पायाशीच का, एवढं विचारते.

पुतण्या शिगम्यात, म्हणजे इथल्या होळीच्या उत्सवात, रोमटामेळाच्या मिरवणुकीत ताशा वाजवतो. त्याच्यासाठी फोमचे बोळे आणले. बोळा बोटांत वळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढायचा, आत सारून तो फुगेपर्यंत दाबून धरायचा. नाहीतर तो नुसता दाराशी लटकतो आणि काही अडवत नाही. पुतण्याची तक्रार, ताशाची काडी मऊ लागते, लय कळत नाही. तक्रार खरी आहे. फोम बारीक स्वर जास्त खातो. म्हणून वादकांचे फिल्टरवाले बोळे मागवले, ते सगळे स्वर साधारण सारखेच खाली आणतात. ते त्याला मानवले. पहिल्याच मिरवणुकीत गुलालात त्यातला एक हरवला. आता दोरीवाले मागवलेत.