पडाऊकचा लाल रंग अखेर रोखला: मेपलची रेघ पांढरीच राहिली

मंडळी, रेघ पांढरी राहिली! मी बनवत असलेल्या गिटारच्या नेक-थ्रूच्या (बॉडीच्या आरपार जाणाऱ्या नेकच्या) दोन्ही बाजूंनी जाणारी दीड मिलिमीटरची मेपलची पट्टी शेजारच्या पडाऊक या लाल लाकडामुळे दर घासणीनंतर गुलाबी होत होती. ती आता सीलर (लाकडाची छिद्रं बंद करणारा पहिला थर) चढल्यावरही स्वच्छ आहे. सध्या फक्त बॉडीची वरची बाजू झाली आहे, मागची बाकी आहे. तरी उपाय सविस्तर लिहून ठेवतो, कारण पडाऊक आणि मेपल शेजारी-शेजारी लावायचा मोह इथे बऱ्याच जणांना आहे.

गिटारची रचना आधी सांगितलेली तीच आहे: वेंगे-मेपल-वेंगे या लाकडांची नेक, ६४८ मिमी स्केल (तारेची कंप पावणारी लांबी), झिरिकोटे या लाकडाचा फ्रेटबोर्ड, आफ्रिकन पडाऊकच्या विंग्ज (बॉडीच्या दोन बाजू) आणि नेक व विंगच्या मध्ये ही पांढरी पट्टी. काळपट वेंगे, मग पांढरी रेघ, मग भगवा-लाल पडाऊक. सगळं डिझाइन त्या एका रेघेवर उभं आहे. ती गुलाबी झाली की अख्खी गिटार मळकट दिसते.

ग्लू-अपनंतर (सगळे भाग चिकटवल्यावर) रंधा मारला तेव्हा रेघ कागदासारखी पांढरी होती. १२० ग्रिटने सँडिंग सुरू केलं आणि रेघेवर लाली आली. पडाऊकची धूळ पिठासारखी बारीक पडते, आणि सँडपेपर तीच धूळ मेपलच्या सूक्ष्म छिद्रांत दाबत जातो. ग्रिट जितका बारीक, तितकी ती आत घट्ट बसते. व्हॅक्यूमने थोडी निघते. कॉम्प्रेसरच्या हवेने वरवरची उडते, आतली तशीच राहते. मास्किंग टेप लावून पाहिली, पण टेपची कड घासून फाटते आणि धूळ खाली शिरते. शिवाय टेपच्या जाडीमुळे तिथे हलकासा उंचवटा राहतो, जो ग्लॉस चढल्यावर नक्की दिसणार.

मग ऑफकटच्या (कापून उरलेल्या तुकड्याच्या) टेस्ट पट्टीवर स्पिरिटचा बोळा फिरवला. तिथे खरं कारण कळलं. लाली पुसली तर गेली नाहीच, उलट पसरली आणि गडद झाली. पडाऊक, रक्तचंदन आणि बिबळा हे एकाच टेरोकार्पस प्रजातीतले (जीनसमधले). पडाऊक आणि रक्तचंदनातलं मुख्य लाल द्रव्य म्हणजे सँटालिन. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, पण स्पिरिट आणि अॅसिटोनमध्ये झटकन विरघळतं. म्हणजे दोन वेगळ्या लढाया आहेत: एक धुळीशी, दुसरी विरघळलेल्या रंगाशी. मी दोन्हींवर एकच इलाज शोधत होतो, म्हणून काही जमत नव्हतं.

धुळीची लढाई कार्ड स्क्रेपरने (हातात धरून ओढायच्या पातळ पोलादी पात्याने) जिंकली. स्क्रेपर धूळ करत नाही, सोलतो. धारेची आकडी (कडेवर वळवलेला कापणारा बारीक काठ) नीट वळली असेल तर पडाऊकच्या पातळ नारिंगी सुरळ्या निघतात आणि त्या नुसत्या फुंकरीने उडून जातात. मेपलच्या छिद्रात शिरण्याइतकं बारीक काही तयारच होत नाही. स्क्रेपर रेघेच्या दिशेनेच ओढायचा, आडवा कधीच नाही. पडाऊकच्या शिरा उलटसुलट गुंतलेल्या असतात, सरळ ओढलं की मधूनच उपटतात. पातं साधारण १५-२० अंश तिरपं धरलं की ते थांबतं. माझ्या मते ०.८ मिमीचं पातं यासाठी उत्तम. ०.६ मिमीचं वाकवायला सोपं, पण लगेच तापतं आणि अंगठे भाजतात. तयार धार लावलेल्या म्हणून मिळणाऱ्या पात्यांवर भरवसा ठेवू नका. कड आधी कानसीने सपाट करा, दगडावर गुळगुळीत करा आणि मगच बर्निशरने (कडक, गुळगुळीत पोलादी दांड्याने) आकडी काढा. या कामात वेळ द्या, पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

शेवटच्या स्क्रेपिंगनंतर भिंगाखाली रेघ पाहिली. मेपलच्या पेशींची बारीक चमक स्पष्ट दिसत होती आणि पडाऊकची कड सुरीने कापल्यासारखी सरळ होती. ते पाहून हातातलं काम थांबवून नुसता बघत बसलो.

आता दुसरी लढाई. सीलर म्हणून मेण काढलेला चपडा वापरायचं ठरलेलं होतं, पण चपडा स्पिरिटमध्येच विरघळतो. टेस्ट पट्टीवर ब्रश पडाऊकवरून मेपलवर गेला की लाल ओघळ सोबत आला. ब्रश नको तर काय? एअरब्रश. १०० मिली स्पिरिटला १० ग्रॅम चपडा, म्हणजे अगदी पातळ, आणि नोझल लांब धरून नुसता तुषार. बरंचसं स्पिरिट हवेतच उडून जातं. उरलेलं लाकडावर पडताच सुकतं आणि रंग ओढायला त्याला वेळच मिळत नाही. पृष्ठभाग ओला चमकला की हात जड पडला समजा. असे हलके थर देऊन फिल्म तयार झाली की सँटालिन खाली कोंडलं जातं.

यामुळे फिनिशचा बेत बदलला. आधी फक्त तेलाचा हात द्यायचा होता. आता चपड्यावर ऑइल-वार्निश पुसून चढवणार. थरांमध्ये ४०० ग्रिट हलक्या हाताने, आणि कडांवर अजिबात नाही, कारण तिथे फिल्म कापली गेली की पुन्हा लाल धूळ. झिरिकोटेला मात्र चपडा लावणार नाही, बोटांना तिथे लाकूडच लागलं पाहिजे.

हेडस्टॉकचाही बेत लिहिता-लिहिता बदलतोय. पडाऊकची कॅप (वरून चिकटवायचा पातळ थर) आणि मध्ये पांढरी रेघ असं ठरलं होतं. त्याऐवजी वेंगेची कॅप लावली तर तिथे लाल रंगाचा प्रश्नच उरत नाही आणि नेकशी मेळही बसतो. वाचलेल्या पडाऊकमधून कंट्रोल कॅव्हिटीचं (नॉब आणि वायरिंगच्या खाचेचं) झाकण निघेल. ते मागच्या विंगच्याच फळीचं असल्याने शिरा जुळवता येतील.

बाकी थोडक्यात. फ्रेट स्लॉट (फ्रेटच्या पट्ट्या बसवायच्या खाचा) झाले. नटपासून (नेकच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीपासून) पहिली फ्रेट ३६.३७ मिमीवर, बारावी बरोबर ३२४ वर, आणि झिरिकोटेची एकही कपची उडाली नाही. वेंगेच्या कुसळांसाठी चिमटा जवळ ठेवा, ती बोटात पिकतात. पडाऊकच्या धुळीसाठी मास्क हवाच. नेकचा मेपल क्वार्टरसॉन (वाढीच्या रेषा पृष्ठभागाला काटकोनात येतील असा चिरलेला) म्हणून विकला गेला होता, पण वाढीच्या रेषा चक्क ४५ अंशात निघाल्या. फळी उभी चिरून एक अर्धा उलटा करून जोडला, आता दोन्हींची ओढ एकमेकींना तोलते. त्या पुरवठादाराकडून पुन्हा घेणार नाही. फळीच्या टोकाचा फोटो मागितल्याशिवाय कुणाकडूनच घेणार नाही.

रंग किती टिकेल, असं गेल्या वेळी कुणीतरी विचारलं होतं. पडाऊक उजेडात तपकिरी होतोच. यूव्ही रोखणारं फिनिश ते लांबवतं, थांबवत नाही. अर्धी झाकून खिडकीत ठेवलेली माझी पट्टी हेच सांगते आहे. मला तो तपकिरी रंगही आवडतो, रेघ त्यावर आणखी उठून दिसेल.

आता अडलंय ते मागच्या बेली कटवर (पोटाला टेकण्यासाठी कोरलेल्या भागावर). तिथे पृष्ठभाग खोलगट आहे, सपाट स्क्रेपर टेकत नाही, आणि सँडपेपर मला रेघेच्या जवळही आणायचा नाही. गूजनेक (वळणदार कडेचा) स्क्रेपर मागवलाय. वळणदार कडेवर सारखी आकडी काढायची तुमची पद्धत काय? बर्निशर फिरवता की पातं? ज्यांनी केलंय त्यांनी जरूर सांगा, तोवर मी पिकअप कॅव्हिटीचं टेम्प्लेट कापून घेतो.