आधी उलट बघ

साडीच्या दुकानात आई कधी मोरांना भुलली नाही. दुकानदार गादीवर पैठणी उलगडायचा, पदरावरच्या नक्षीचं कौतुक सुरू करायचा आणि आई शांतपणे पदर उलटा करून मागची बाजू बोटांनी चाचपायची. हातमागावरच्या अस्सल पैठणीचा पदर मागूनही जवळजवळ पुढच्यासारखाच दिसतो. यंत्रमागावरच्या साडीला मागे कापलेल्या धाग्यांची पिसं असतात. "आधी उलट बघ. सुलट काय, कुणीही दाखवतं," असं ती म्हणायची आणि मी कंटाळून रस्त्यावरचा रसवाला बघत बसायचे.

पुढे मला जुने कपडे जमवायचा नाद लागला, तेव्हा हे वाक्य कामी आलं. नाद फार मोठा नाही. दोन कपाटं आणि एका दिवाणाखालची जागा, एवढ्यात मावतो. पण देशोदेशीचे जुने कपडे हाताळताना कळलं की संग्रहालयात काचेमागे नेमकी तीच बाजू दिसत नाही जी मला हवी असते.

उझबेकिस्तानातल्या बुखाऱ्याच्या जुन्या बाजारात घुमटांखाली दुकानं आहेत. एका घुमटाचं नावच टोपीवाल्यांचा घुमट. तिथल्या एका आजीबाईंनी माझ्यासमोर इकतचा अंगरखा पसरला. तिकडे त्याला चापान म्हणतात. गुजरातच्या पटोळ्यात ताणा आणि बाणा, म्हणजे उभे आणि आडवे धागे, दोन्ही आधी बांधून रंगवतात, इथे फक्त ताणा. त्यामुळे नक्षीच्या कडा फिसकटतात, पाण्यात रंग सांडल्यासारख्या. या कामाला तिकडे 'अब्र' म्हणतात, म्हणजे ढग. आजीबाई ढग दाखवत होत्या आणि मी अंगरखा आतून बाहेर काढला. आत गुलाब! लालभडक, छापील, सुती गुलाब. एकोणिसाव्या शतकापासून रशियन गिरण्यांचं छापील कापड मध्य आशियात येऊ लागलं आणि रेशमी अंगरख्यांना आतून तेच लागलं. रशियातल्या इवानोवोच्या गिरण्यांना कापूस मात्र बऱ्याचदा याच मुलखातला. वऱ्हाडातला कापूस विलायतेला जाऊन कापड होऊन परत यायचा, तसंच हे. बाहेर गावच्या रंगाऱ्याचे ढग, आत साम्राज्याचे गुलाब, आणि मधे घालणाऱ्याची पाठ.

मी आत बघायला लागले तशी आजीबाईंनी किंमत वाढवली. गिऱ्हाईक माहीतगार आहे हे त्यांनी ओळखलं. दहा बोटं दहा वेळा उघडून "शंभर वर्षं" असंही त्या सांगत होत्या. गळ्याच्या पट्टीला मात्र नायलॉनचा धागा होता. म्हणजे निदान तेवढी दुरुस्ती तरी अलीकडची. मी काही बोलले नाही, पण त्या धाग्यावर बोट ठेवून थोडं कमी करून घेतलं.

जपानी हाओरीची, म्हणजे किमोनोवर घालायच्या कोटाची, गोष्ट याहून नामी. एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, व्यापाऱ्यांकडे पैसा होता, पण भपकेबाज कपडे घालायला सरकारी बंदी. मग त्यांनी बाहेरून कोट अगदी हेडमास्तरी ठेवला आणि आत अस्तरावर चित्रं काढून घेतली. कोट काढून ठेवताना बघणाऱ्याला दिसेल तेवढंच. ही रीत कायद्यानंतरही टिकली. एका परिचितांकडे मी 1930च्या दशकातला एक हाओरी पाहिला. बाहेरून राखाडी, आत लढाऊ विमानं. त्या काळी अशी विमानं, रणगाडे लहान मुलांच्या किमोनोवरही छापत. मी तो परत घडी करून ठेवला. विकत घ्यायला देत होते, नको म्हटलं.

पंजाबच्या फुलकारी भरतकामात तर उलट बाजू हीच कामाची बाजू. खद्दराचे धागे मोजत, मागून टाके घालत जायचं. फूल पलीकडे उमलतं.

माझ्याकडची सगळ्यात त्रासदायक वस्तू लंडनच्या एका जुन्या बाजारातून आणलेली आहे. शंभरेक वर्षांपूर्वीची रेशमी कंचुकी, आत कंबरपट्टीवर शिंपिणीचं नाव सोनेरी धाग्यात विणलेलं. घरी येऊन उघडली तर घड्यांवर रेशीम काचेसारखं तडकलेलं. कच्च्या रेशमावरचा डिंकासारखा थर उकळून काढला की वजन जवळपास पावपट घटतं, आणि रेशीम विकलं जायचं वजनावर. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते कथिलाच्या क्षारांत बुडवून जड करत. गवळ्याने दुधात पाणी घालावं तसंच, फक्त इथे पाण्याऐवजी धातू. त्या क्षारांनी धागा आतून खाल्ला. गंमत म्हणजे त्याहून शंभर वर्षं जुनं, न भेसळलेलं रेशीम पुष्कळदा धडधाकट असतं. माझ्या कंचुकीचं साधं सुती अस्तर अजून शाबूत आहे. आता तेच त्या रेशमाला धरून आहे. मी ती आडवीच ठेवते, घडी घालत नाही, आणि पाहुण्यांना दाखवायची हौस दाबते.

आजीची खणाची चोळी मात्र कधी संग्रहात धरली नव्हती. ती कपाटात होती, एवढंच. कर्नाटकातल्या गुळेदगुडचा खण, गर्द जांभळा, आत मांजरपाट. परवा कापूर आणि लवंगांची पुरचुंडी बदलताना सहज उलटी केली. शिंप्याने बगलेखाली चांगली दोन बोटं माया सोडलेली होती, आणि त्या मायेत सुईच्या भोकांच्या ओळी. पहिली मूळ शिलाईची. मग एकदा उसवून सैल केलेली, मग आणखी एकदा. माझे मामा आणि आई यांच्या जन्मांचा हिशेब तिथे लागतो. आणि चौथी ओळ सगळ्यांच्या आत, चोळी पुष्कळ घट्ट करणारी. आजी शेवटी फार वाळली होती. ही शिलाई शिंप्याची नाही, हातची आहे, वाकडीतिकडी, आणि जांभळ्या कापडावर चक्क पांढऱ्या दोऱ्याची.

मी आईला फोन करून विचारलं, आजी इतकी टापटीप, तिने पांढरा दोरा कसा वापरला?

"तिला दिसत होतं कुठे?" आई म्हणाली. "सुई ओवून द्यायला ती तुलाच हाक मारायची. तू खेळातून उठून यायचीस आणि हाताला लागेल तो दोरा ओवून पळायचीस."