नवी बॅटरी, जुनाच स्नॅग

दाबोळीच्या पावसात विमानाची वायरिंग तपासणं म्हणजे घामाचं काम. चार आसनी, एका इंजिनाचं खासगी विमान पार्किंगला उभं होतं आणि लॉगबुकात स्नॅग, म्हणजे नोंदवलेला बिघाड, पुन्हा तोच: स्टँडबाय बॅटरी टेस्टला फेल. स्विच टेस्टवर धरला की हिरवा दिवा लागायचा आणि काही सेकंदांत विझायचा. तो पूर्ण वीस सेकंद टिकायला हवा. आधी दुसरीकडे एकदा बॅटरी बदलून झाली होती, तरी तेच.

कॅप्टनना पाऊस उघडला की निघायचं होतं. "अल्टरनेटर ठणठणीत, मेन बॅटरी ठणठणीत. ही एवढी काय अडते हो?" ते म्हणाले. त्यांच्या घाईचा मला राग आला नाही, पण उत्तर स्पष्ट दिलं. ढगात असताना अल्टरनेटर गेला आणि मेन बॅटरीही उतरली, तर समोरचा स्क्रीन आणि एक रेडिओ सुमारे अर्धा तास जिवंत ठेवते ती हीच. जुलैत इथे ढग किती खाली उतरतात हे तुम्हीच रोज बघता. विमान उडायला योग्य आहे अशी माझी सही होणार नाही. ते काही बोलले नाहीत, खुर्ची ओढून बसले.

माझ्या हाताखालचा मुलगा सावंतवाडीचा, हुशार. त्याने मीटर लावून सांगितलं, "दादा, पंचवीस पॉइंट सहा व्होल्ट. बॅटरी फुल आहे. टेस्ट सर्किटच गेलं असणार."

चोवीस व्होल्टच्या लेड-अॅसिड बॅटरीत बारा सेल, प्रत्येकी दोनच्या थोडं वर, म्हणजे आकडा बरोबरच होता. पण लोड नसताना, म्हणजे बॅटरीतून करंट ओढला जात नसताना घेतलेला. मी त्याला विचारलं, "गावी विहिरीवरचा पंप सुरू झाला की घरातले दिवे मंद होतात ना? पंप बंद असताना व्होल्टेज बघून काय कळणार?" त्याला लगेच उमगलं. बॅटरीवर लोड यावा म्हणून त्याने स्विच टेस्टवर धरला, मी पाठीवर झोपून पॅनेलखाली डोकं घातलं.

बॅटरीच्या दोन टोकांवर पंचवीस व्होल्ट. बॅटरी निर्दोष. मीटरची काळी पिन निगेटिव्हवरून काढून विमानाच्या सांगाड्याला टेकवली तर बावीसच्या आसपास. तीन व्होल्ट वाटेत गळत होते, तेही अर्थच्या, म्हणजे सांगाड्याला जोडलेल्या ग्राउंडच्या बाजूला. मग एक पिन ग्राउंड वायरच्या लगवर, म्हणजे वायरच्या टोकाला बसवलेल्या, स्क्रूने आवळायच्या धातूच्या कडीवर, आणि दुसरी लगपासून बोटभर अंतरावरच्या उघड्या धातूवर ठेवली. जवळपास सगळे तीन व्होल्ट तिथेच. चांगल्या जोडावर हा आकडा शून्याला टेकलेला असतो. लगला बोट लावलं तर गरम!

वरून काहीच दिसत नव्हतं. स्क्रू घट्ट, तो सैल झाला तर कळावं म्हणून ओढलेली रंगाची खूण जागच्या जागी. बॅटरी डिस्कनेक्ट करून स्क्रू काढला तेव्हा लगखाली पांढरी भुकटी निघाली, टाल्कम पावडरसारखी बारीक. अॅल्युमिनियमचा गंज. अॅल्युमिनियमवर कथील चढवलेला तांब्याचा लग, मध्ये खारट ओल. दोन वेगळ्या धातूंना गंज धरायला तेवढं पुरतं. आणि दाबोळीला बोगमाळ्याच्या समुद्रावरचा खारा वारा बारमाही येतो. चार्जिंगचा करंट थोडा असल्याने त्या खराब जोडातूनही बॅटरी हळूहळू भरत राहायची, म्हणून चार्जिंगवर कुणाला शंका आली नव्हती. दोष उघडा पडायचा तो जास्त करंट मागितल्यावरच. बॅटरी बदलणाऱ्याने एवढं एक माप घेतलं असतं तर मालकाचे पैसे वाचले असते. हे मला आजही खटकतं.

जागा चकचकीत धातू दिसेपर्यंत घासली, नवा लग वायरवर दाबून बसवला (क्रिंप केला), स्क्रू ठरलेल्या जोराने, टॉर्क देऊन आवळला, वरून सीलंट लावलं. रेझिस्टन्स मिलिओहमच्या घरात आला. मुलाने टेस्ट धरली आणि मोठ्याने सेकंद मोजले. दिवा हलला नाही. कॅप्टन स्वतः वाकून बघत होते. म्हणाले, "बाकीचे ग्राउंडही बघणार का? मी थांबतो."

बघितले. रेडिओच्या रॅकमागे एका लगखाली पांढरं धरायला लागलं होतं. तोही साफ केला, लॉगबुकात दोन्ही नोंदी केल्या आणि मग सही केली.