केस, पोहे आणि आजीला ईमेल

रविवार म्हणजे आमच्याकडे केसांचा दिवस. लेकीचे केस बाबावर गेलेत, घट्ट कुरळे, स्प्रिंगसारखे. ओले असतानाच कंडिशनर थापायचा आणि रुंद दातांच्या कंगव्याने टोकापासून हळूहळू वर यायचं, हे सासूबाईंनी शिकवलं मला, नाहीतर मी आपली साताऱ्याच्या सवयीने खोबरेल चोपडून मुळापासून ओढायचे आणि पोरगी भोकाड पसरायची.

नवरा ब्लॅक अमेरिकन, आम्ही राहतो न्यू जर्सीत, लेक दहावीत. परवा विंचरताना म्हणाली, आई, लंचला कुठे बसू तेच कळत नाही. देसी मुली म्हणतात तू कुठे इंडियन दिसतेस, ब्लॅक मुली म्हणतात पोहे आणणारी तू कसली ब्लॅक. त्यात एका गोऱ्या मुलाने मागून येऊन सरळ केसांत हात घातला, खरे आहेत का बघायला! तिने हात झटकला तर ऑफिसात बोलावलं तिलाच, ॲटिट्यूड आहे म्हणे.

केसांवरून शाळेत भेदभाव करायचा नाही असा क्राउन ॲक्ट आमच्या राज्यात डिसेंबर 2019 मध्ये आला. त्याच्या वर्षभर आधी इथल्याच एका हायस्कूलच्या पैलवानाला रेफरीने सांगितलं होतं, ड्रेडलॉक्स काप नाहीतर मॅच सोड, आणि तिथेच सगळ्यांसमोर कापले त्याचे. तो व्हिडिओ बघून नवरा बराच वेळ बाहेर अंगणात उभा होता. पण येताजाता हात घालणाऱ्यांना कायदा काय करणार?

2024 ला ट्रम्प कमला हॅरिसबद्दल बोलले ना, की ही आधी इंडियन होती, आता अचानक ब्लॅक झाली, तेव्हा लेक म्हणाली, "बघ, हिलापण टेबल मिळेना."

आणि आपले लोक? गणपतीत एका काकूंनी तिच्यासमोरच विचारलं, दत्तक घेतली का हो? तिला मराठी नीट कळतं हे त्यांना कुठे माहीत. मी हसून वेळ मारून नेली. माझी आई तर दर व्हिडिओ कॉलला, उन्हात खेळू नकोस गं, अजून काळी होशील. तेव्हापण मी "अगं, आजीचं वय झालंय" म्हणून विषय बदलते.

शाळेला मात्र तीन ईमेल टाकल्या, चांगल्या लांबलचक. लेकीने वाचल्या, म्हणाली मस्त लिहिलंयस, मग आजीला का नाही पाठवत एक?

आजीला ईमेल बघता येत नाही, म्हटलं.