हललं का तुमच्याकडं?

पाटणला कपाटाचं दार थरथरलं तर कुणी विचारत बसत नाही. 'कोयना' म्हणतात आणि चहाचं आधण ठेवतात. तो अंदाज बहुधा बरोबरही असतो. १९६२ नंतर धरणात पाणी साठू लागलं, तेव्हापासून त्या पट्ट्यात जमीन हलते आहे. ११ डिसेंबर १९६७चा भूकंप त्यातलाच.

इतरत्र मात्र मंडळी अनवाणी जिन्यात येतात आणि तर्क सुरू होतात. सिलिंडर फुटला. खाणीत सुरुंग लावला. डहाणूकडे २०१८च्या नोव्हेंबरपासून छोटे धक्के बसू लागले तेव्हाही स्फोटाचीच शंका आली, आणि ती वेडगळ नव्हती. उथळ, जवळचा धक्का ढुम्म असा आवाज करूनच येतो. लांबचा मोठा भूकंप हळू झुलवतो. म्हणून सातव्या मजल्यावरच्या काकूंना गरगरतं आणि खाली वॉचमनला पत्ताच नसतो. खोटं कुणीच बोलत नसतं.

खरी भांडणं भूकंप केवढा होता त्या आकड्यावरून. आधी ४.७ सांगितला, तासाभरात ४.५ झाला की "दाबतायत!" दाबत काही नाहीत. पहिला आकडा मोजक्या भूकंपमापन केंद्रांच्या नोंदींवरून घाईने काढलेला असतो. बाकीच्या नोंदी आल्या की तो सरकतो. तेवढ्या ०.२ने ऊर्जा मात्र निम्मी होते. खोली नेमकी '१० किलोमीटर' दिसली तर तीही बऱ्याचदा मोजलेली नसते. जवळ मापन केंद्र नसलं की खोली नीट ठरत नाही, मग गणितापुरती दहा धरतात.

"रात्री बारानंतर मोठा येणार" हे तर ठरलेलंच. किल्लारीनंतर, १९९३ साली, लोक किती रात्री उघड्यावर झोपले! तारीख-वेळ सांगणारी विद्या अजून कुणाकडे नाही. मागून धक्के येतात, बहुतेक लहान, क्वचित मोठाही. तडकलेल्या भिंतीखाली झोपू नये हे खरंच.

अंदाजच करायचा तर मोजून करावा. पहिला बारीक हिसका आणि नंतरचा जोराचा हेलकावा यांत किती सेकंद गेले? त्याला आठने गुणा. दहा सेकंद असतील तर भूकंपाचं केंद्र साधारण ऐंशी किलोमीटरवर. शिवाय घड्याळात किती वाजले होते, कितव्या मजल्यावर होतात, बसला होतात की आडवे, मांडणीवरचं भांडं नुसतं वाजलं की खाली पडलं, हे लिहून ठेवावं. कुठे किती हललं याचे नकाशे असल्याच उत्तरांवरून काढतात.

पंख्याची साक्ष तेवढी काढू नये. तो बंद होता की चालू, यावर घरात दोघांचं एकमत होत नाही.