ब्यूलीच्या बाजारात डॅशबोर्डचे मीटर शोधताना

पुण्याचा जुना बाजार पालथा घातलेल्या माणसाला इंग्लंडमधला ब्यूलीचा ऑटोजम्बल, म्हणजे जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचा बाजार, फारसा परका वाटत नाही. न्यू फॉरेस्टमध्ये, नॅशनल मोटर म्युझियमच्या आवारात, १९६७ पासून दर सप्टेंबरात हा बाजार भरतो. ताडपत्र्यांवर गंजकं सामान, पायाखाली चिखल आणि एका नटासाठी खोकीच्या खोकी उपसणारे म्हातारे. घासाघीसही चालते, फक्त अतिशय हळू आवाजात.

माझी गाडी १९६६ची एमजीबी, एमजी या ब्रिटिश कंपनीची स्पोर्ट्स कार. आधीच्या मालकाने हाताला लागेल तो मीटर डॅशबोर्डात बसवून टाकलेला. गेल्या वर्षी काचेभोवतीची चकचकीत रिंग बघून एक टॅकोमीटर (इंजिनाचे मिनिटाला किती फेरे होतात ते दाखवणारा मीटर) घेतला आणि घरी आल्यावर तबकडीच्या खालची बारीक अक्षरं वाचली : ‘निगेटिव्ह अर्थ’, म्हणजे बॅटरीचं ऋण टोक गाडीच्या पत्र्याला जोडलेल्या गाडीसाठीचा. १९६७च्या अखेरीस मार्क टू ही सुधारित आवृत्ती येईपर्यंत एमजीबीची वायरिंग उलट, पॉझिटिव्ह अर्थची होती. म्हणजे तो माझ्या कामाचा नव्हता. आता रिंगकडे बघतच नाही, आधी तबकडी वाचतो.

या गाडीचे मूळ मीटर स्मिथ्स कंपनीचे, आणि स्मिथ्सच्या मीटरवर सगळं लिहिलेलं असतं. स्पीडोमीटरवर एसएनने सुरू होणारा क्रमांक आणि शेजारी १०४० किंवा १२८० असा आकडा असतो. एका मैलात केबलने किती फेरे घ्यायचे, तो हा आकडा. गिअरबॉक्स आणि मागच्या अॅक्सलशी तो जुळला नाही तर मीटर अस्सल असूनही वेग खोटा दाखवतो. निघण्यापूर्वी घरीच मोजून घ्या. केबल मीटरपासून सोडवा, आतल्या तारेला कागदाचा बाण चिकटवा, गाडी न्यूट्रलमध्ये १६ मीटर ९ सेंटिमीटर सरळ ढकला (मैलाचा शंभरावा भाग) आणि फेरे मोजून शंभराने गुणा. मी ढकलत होतो, बायको मोजत होती. दहाच्या थोडे वर भरले, म्हणजे १०४०वाला हवा.

टॅकोमीटर आरव्हीआय छापाचा, म्हणजे इग्निशनच्या वायरीतल्या विजेवरून फेरे ओळखणारा असेल तर पाठीमागे पांढऱ्या वायरीचा वेढा धरणारा प्लास्टिकचा तुकडा आहे ना ते बघा. तो हरवलेला असेल तर सोडून द्या. कधी आतली जोडणी बदलून तबकडी तशीच ठेवलेली असते, म्हणून ‘अर्थ बदललाय का?’ असं सरळ विचारा. पेट्रोलच्या काट्याच्या तबकडीवरचा क्रमांक एफजीने सुरू होत असेल तर तो सुरुवातीचा, झटकन हलणारा. १९६४च्या पाच बेअरिंगवाल्या इंजिनाबरोबर बीएफ क्रमांकाचा आला. तो सावकाश चढतो आणि त्याला व्होल्टेज स्टॅबिलायझर लागतो. मला बीएफ हवा होता, तिसऱ्याच ताडपत्रीवर मिळाला.

खरी परीक्षा ऑइल प्रेशर आणि पाण्याचं तापमान एकत्र दाखवणाऱ्या मीटरची. त्यातून निघालेल्या बारीक तांब्याच्या नळीत इथर भरलेला असतो. नळी कुठे मोडली किंवा कापली असेल तर तापमानाचा काटा मेलाच. विक्रेता म्हणाला, चालू आहे. मी थर्मास उघडला आणि नळीच्या टोकाचा बल्ब चहात बुडवला. काटा उठला! विक्रेता हसत सुटला. नव्वद पौंड सांगितले होते, पासष्टला दिला. चहा अर्थातच ओतून द्यावा लागला. तुम्ही मात्र दुसऱ्या थर्मासात नुसतं गरम पाणी न्या.

पत्र्याच्या डॅशबोर्डचा मूळ रंग सुरकुतलेला काळा असतो. गुळगुळीत आणि चमकदार दिसला तर कुणीतरी नंतर मारलेला समजा. त्यावरून भाव पाडता येतो, एरवी ते काही मोठं दुखणं नाही.

रेल्वेने ब्रोकनहर्स्टला उतरून पुढे टॅक्सी करा. स्वतःची गाडी असेल तर सावकाश चालवा, जंगलातली मोकळी घोडी भर रस्त्यात उभी असतात. पोचायचं मात्र दार उघडायच्या आत. गमबूट, टॉर्च, भिंग आणि रोख पैसे जवळ हवेत. रेडिओच्या जागेवर बसणारी, एमजीचा बिल्ला असलेली झाकणपट्टी मला दोन दिवस हिंडूनही मिळाली नाही. पुढच्या सप्टेंबरात कुणी जात असाल आणि दिसली, तर माझ्यासाठी उचला.