अर्धं तळं

घड्याळ काढा म्हटलं की आजोबा गोल झकास काढायचे. मग बारा, एक, दोन करत सहापर्यंत नीट यायचे आणि उरलेले आकडे त्याच उजव्या बाजूला दाटीवाटीने कोंबायचे, एसटीच्या दारात माणसं लोंबकळतात तसे. डावं अर्धं घड्याळ कोरं. "झालं?" मी विचारायची. "झालं की," म्हणत ते पेन्सिल खाली ठेवायचे. काही राहिलंय अशी शंकाही चेहऱ्यावर नसायची.

मी फिजिओथेरपिस्ट. गाव भंडारा जिल्ह्यात, शिक्षण नागपुरात आणि नोकरी अमेरिकेत मिसिसिपी नदीकाठच्या ग्रीनव्हिलला. या भागात वडीलधाऱ्यांना नुसत्या नावाने हाक मारत नाहीत, आधी मिस्टर लावून मग पहिलं नाव घेतात. मी त्यांचं नाव इथे सांगणार नाही, म्हणून आजोबा. वय सत्तरीच्या पुढचं, हयात ट्रॅक्टरवर गेलेली. मेंदूच्या उजव्या भागाचा रक्तपुरवठा तुटला आणि डावा हात, डावा पाय लुळा पडला. आमच्याकडे म्हणतात तसं, लकवा मारला.

पाय हळूहळू परत येत होता. चार पायांची काठी घेऊन ते चालायला लागले होते. खरी अडचण वेगळी होती. त्यांच्या जगातून डावी बाजूच गेली होती. डोळे ठणठणीत, पण ताटातलं उजवीकडचं संपवून "अजून वाढ" म्हणायचे आणि डावीकडचं मांस तसंच गार होत पडलेलं. दाढी एका गालाची. चालताना डावा खांदा दाराच्या चौकटीवर आपटायचा आणि ते चौकटीलाच शिवी द्यायचे. याला आम्ही निग्लेक्ट म्हणतो. दिसत नाही अशातला भाग नाही, मेंदू तिकडे लक्षच पाठवत नाही. "डावीकडे बघा" असं दिवसातून शंभरदा सांगून काही होत नाही, कारण त्यांच्या लेखी ते बघतच असतात.

पहिल्या दिवशी पेशंटला विचारायचं असतं, बरं होऊन काय करायचंय? कुणी म्हणतं जिना चढायचाय, कुणी म्हणतं चर्चला जायचंय. आजोबा म्हणाले, "एप्रिलात क्रॅपी."

क्रॅपी हा इथला गोड्या पाण्यातला मासा, तळहातापेक्षा थोडा मोठा, चपटा, चंदेरी अंगावर काळे ठिपके. आजोबांचं घर नदीपलीकडे आर्कान्सा राज्यात, लेक व्हिलेज गावात, आणि गावासमोर लेक शिको. आठवीनववीत भूगोलाच्या पेपरात आपण नदीची नागमोडी वळणं काढून शेजारी एक सुटलेला कोयंडा काढायचो आणि खाली लिहायचो 'कुंडलकासार'. दोन मार्कांचं ते चित्र प्रत्यक्षात असतं हे मला इथे आल्यावर कळलं. मिसिसिपीने काही शतकांपूर्वी वाट बदलली आणि जुनं वळण मागे टाकून ती निघून गेली. तेच हे तळं. वीसेक मैल लांब, उत्तर अमेरिकेतलं सगळ्यात मोठं कुंडलकासार. आमच्याकडच्या मालगुजारी तलावांसारखंच उथळ, फक्त काठाला पळसाऐवजी पाण्यात गुडघे रोवून उभे असलेले सायप्रस.

फेब्रुवारीत मी या सहलीची योजना कागदावर मांडली. धक्क्यावरून बोटीत उतरायचं कसं, आधी कुठला पाय, खुर्चीला पाठ आणि हात असायला हवेत, लाइफ जॅकेट एका हाताने कसं लावायचं, चार तासांत लघवीची सोय काय. दोन पानं झाली. आजोबांनी ती वाचली (उजवी अर्धी पानं, हे मला नंतर सुचलं) आणि म्हणाले, "पोरी, तुझ्या यादीत मासा कुठेच नाही."

मग त्यांनी योजना सांगितली, ती मी लिहून घेतली.

तारीख आधी ठरवायचीच नाही. पाणी ठरवेल. पारा साठ फॅरनहाइटच्या वर, म्हणजे आपल्या सोळा अंशांच्या आसपास गेला की क्रॅपी खोल पाणी सोडून अंडी घालायला काठाला येतात, दोन-तीन फूट पाण्यात. उथळ तळं लवकर तापतं, म्हणून इथे आधी. डॉगवूडची पांढरी फुलं आली की समजायचं. पण उथळ पाण्याची खोडही तशीच. एक रात्र थंडी पडली की मासा परत आत जातो, आणि दिवसभर वारा सुटला की तळाचा गाळ वर येऊन पाण्याचा चहा होतो. म्हणून वारा नसलेला तिसरा दिवस. पहिला नाही, दुसरा नाही.

काठ्या दहा फुटी, रीळ फिरवायची गरजच नाही. अडकला की नुसता वर उचलायचा, एका हाताने. आणि हिसका द्यायचा नाही. क्रॅपीचं तोंड कागदासारखं, हिसडलं की फाटतं आणि मासा गेला. आमिष माशाच्या खाली नाही, थोडं वर, कारण त्याचे डोळे वर बघतात. वर येऊन खातो, खाली वाकून नाही. हे सगळं सांगताना ते एकदाही अडखळले नाहीत. दहा मिनिटांपूर्वी याच माणसाला स्वतःचा डावा बूट सापडत नव्हता.

"आणि जागा?" मी कोरा कागद पुढे केला. "तळं काढून दाखवा."

ते काढायला लागले, आणि मी मनातल्या मनात बोलायची थांबले. आजोबांचं घर कुंडलाच्या बाहेरच्या काठावर. तिथून पाण्याकडे तोंड केलं की डाव्या हाताला तळ्याचा उत्तरेचा फाटा, उजव्या हाताला दक्षिणेचा. कागदावर फक्त दक्षिणेचा फाटा आला. डिच बायू नावाचा ओहोळ आला, कुणाचा तरी मोडका धक्का आला, 'इथे मुलाचा पहिला मासा' आला. उत्तर नाहीच. पन्नास वर्षं ज्या पाण्यात माणूस वावरला त्याचं अर्धं कुंडल गळून पडलेलं. आणि हे डोळ्यांसमोरचं ताट नव्हतं, ही आठवण होती.

कॉलेजात एक जुना प्रयोग शिकवला होता. 1978 साली मिलानमध्ये बिसियाक आणि लुत्सात्ती या दोघांनी अशा पेशंटना सांगितलं होतं की तुमच्या शहरातल्या कथीड्रलच्या चौकात उभे आहात अशी कल्पना करा आणि काय काय दिसतं ते सांगा. पेशंटनी उजवीकडच्याच इमारती सांगितल्या. मग म्हटलं, आता चौकाच्या दुसऱ्या टोकाला उभे राहून उलट बघा. मगाशी गाळलेल्या इमारती आल्या आणि मगाशी सांगितलेल्या गळाल्या. परीक्षेत मी हे घोकून लिहिलं होतं. प्रत्यक्षात कधी करून बघायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

मी कागद बाजूला केला, नवा ठेवला. "आता समजा तुम्ही पलीकडच्या काठाला आहात. बोटीत. तोंड घराकडे. काय दिसतं?"

आजोबांनी डोळे मिटले. "आमचा धक्का. त्याच्या उजवीकडे..." आणि उत्तर फाटा आला! स्टेट पार्क आलं, सायप्रसची रांग आली, एका वाकड्या झाडाखाली 1985 च्या आधी काही मिळायचं नाही हेही आलं. त्या साली आर्मीच्या इंजिनिअरांनी पंप बसवले आणि तळ्यात शिरणारं गढूळ पाणी नदीकडे वळवलं, मग तळं निवळलं. आणि दक्षिण? डिच बायू, मुलाचा पहिला मासा? पाच मिनिटांपूर्वीच सांगितलेलं सगळं पुसलेलं. माझ्या अंगावर काटा आला.

दोन्ही कागद मी शेजारी शेजारी ठेवले, एक फिरवून. आजोबा बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, "म्हणजे माझ्याकडे तळं आहे सगळं. एका वेळी मिळत नाही एवढंच."

इतकी नेमकी व्याख्या मला कुठल्या पुस्तकात वाचल्याची आठवत नाही.

त्यानंतरचे सहा आठवडे आम्ही सहलच ठरवत होतो. विम्याने मंजूर केलेल्या भेटी संपत आल्या होत्या आणि नोंदीत 'मासेमारीची तयारी' असं लिहिणं शक्य नव्हतं, म्हणून लिहायची बैठकीतला तोल, बाजू ओलांडून हात पोचवणं, स्कॅनिंग म्हणजे नजर फिरवून शोधणं. खोटं नव्हतं. बाकावर बसवून दोन बाजूंना झाडूचे दांडे लावायचे, प्रत्येकाला चिमटा, आणि मी कुठलाही चिमटा हलवायची. डावीकडचे त्यांना कधी दिसले, बहुतेकदा नाही.

सहल क्लिनिकच्या नावावर होणार नाही हे मला स्पष्ट सांगण्यात आलं होतं, आणि ते बरोबरच होतं. शनिवार माझा. शिवाय माझं कामाचं लायसन्स मिसिसिपी राज्याचं. पूल ओलांडला की मी नुसती पाहुणी. पलीकडे जाण्याआधी मी मासेमारीचं परराज्यवाल्यांसाठीचं तीन दिवसांचं लायसन्स काढलं. म्हणजे त्या दिवशी मला मासा धरायचा परवाना होता, पेशंट धरायचा नव्हता. धरायला त्यांचा मुलगा होता.

एप्रिलचा पहिला शनिवार आजोबांनी रद्द केला. आदल्या रात्री थंड वारं आलं होतं. दुसऱ्या शनिवारी पहाटे फोन आला, "तिसरा दिवस आहे. ये."

धक्क्यावरून बोटीत उतरणं माझ्या दोन पानांप्रमाणे बिनबोभाट झालं, म्हणून त्याबद्दल काही सांगत नाही. बोट सपाट तळाची, ॲल्युमिनियमची. आजोबा पुढे खुर्चीत, मुलगा मागे मोटरवर, मी मध्ये. समोर चार काठ्या पंख्यासारख्या होल्डरमध्ये रोवलेल्या, प्रत्येकीच्या दोरीवर लाल-पांढरा बॉबर, म्हणजे पाण्यावर तरंगणारा गोळा, मासा लागला की तो बुडतो. चौथी काठी मी मुद्दाम डावीकडे अगदी कडेला लावली. आमिषाच्या जिवंत माशांची बादलीसुद्धा मी हुशारीने त्यांच्या डाव्या बाजूला ठेवली. हेतू हा, की आमिष हवं तर वळावं लागेल. दहाव्या मिनिटाला आजोबांनी डावा पाय लांब केला आणि बादली उलटली. बोटभर लांबीची साठसत्तर मासोळी बोटीच्या तळात चांदीच्या चिल्लरीसारखी उडायला लागली. मुलगा आणि मी गुडघ्यांवर बसून ती ओंजळीने गोळा करतोय, आणि आजोबा उजवीकडे बघत शांतपणे विचारताहेत, "मागे काय गडबड आहे?" ती गडबड त्यांच्याच बुटावर चालली होती. बादली मी उजवीकडे ठेवली.

उजवीकडच्या दोन काठ्यांनी तासाभरात सात मासे दिले. मुलाला मी आधीच सांगून ठेवलं होतं, चौथीचा बॉबर बुडाला तर तोंडातून शब्द काढायचा नाही. तो बुडाला. आम्ही दोघं ओठ दाबून बसलो. बॉबर दोनदा वर आला, परत गेला, मग स्थिर झाला. आमिष खाऊन मासा पसार. अर्ध्या तासाने पुन्हा तेच. मुलाने माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं आता हा मलाच पाण्यात टाकतो. मासा डोळ्यांदेखत जाऊ देणं ही त्या घरात फार वाईट वागणूक असावी.

तिसऱ्यांदा काय झालं ते मी जसंच्या तसं सांगते. आजोबा पाण्याची बाटली तोंडाला लावून बसले होते. बाटली खाली ठेवली आणि सवयीने बोटाने काठ्या मोजल्या. "एक. दोन. तीन." थांबले. पुन्हा उजवीकडून मोजल्या. "एक, दोन, तीन." मग मुलावर खेकसले, "चार लावल्या होत्या ना? माझी चौथी काठी कुणी घेतली?"

कुणी उत्तर दिलं नाही.

"तीन मोजल्या मी. चार होत्या." मान हळूहळू डावीकडे वळायला लागली. तिसऱ्या काठीपाशी अडकली. तिथून पुढे त्यांच्यासाठी काही नव्हतंच, ते मला त्यांच्या मानेच्या शिरांत दिसत होतं. मग खांदा वळला, मग कंबर, खुर्ची करकरली. आणि दिसली. काठी कमानीसारखी वाकलेली, बॉबरचा पत्ता नाही.

"ही बघ इथे बसलीये हरामखोर!" हे काठीला होतं.

उजवा हात छातीवरून पलीकडे नेऊन त्यांनी काठी होल्डरमधून काढली. बोट कलली, मुलाने मागून त्यांचं जॅकेट मुठीत पकडलं. हिसका नाही. नुसतं वर, सावकाश. मासा पाण्याबाहेर आला तेव्हा सूर्य त्याच्या मागे होता आणि उघड्या तोंडाचा पडदा पतंगाच्या कागदासारखा आरपार दिसत होता, मध्ये गरी.

मासा त्यांनी माझ्या हातात दिला. "पाठीवरचे काटे मोज." सहा भरले. "पाच-सहा म्हणजे पांढरी क्रॅपी. सात-आठ असते तर काळी. मोजल्याशिवाय बोलायचं नाही."

पुढच्या दोन तासांत चौथ्या काठीवर आणखी तीन मासे आले. त्यातला एक त्यांनी पाहिला, दोन गेले. पाहिला तोही मोजूनच. डावीकडे आपणहून लक्ष एकदाही गेलं नाही. पण दर थोड्या वेळाने उजवीकडून चार होईपर्यंत मोजायचे, आणि तीनवर अडले की चिडायचे. मी सहा आठवडे 'डावीकडे बघा'चे शंभर प्रकार केले होते. 'किती होत्या?' हा प्रश्न मला सुचला नव्हता.

घरी जाताना आजींनी मक्याच्या पिठात तळलेले तुकडे डब्यात दिले आणि चार कच्चे वेगळे बांधले. कच्च्यांचा मी रात्री लसूण, खसखस आणि भिवापुरी तिखट घालून रस्सा केला. व्हिडिओ कॉलवर आईने विचारलं काटे फार आहेत का. मी म्हटलं, पाठीवर सहा.

मंगळवारी क्लिनिकमध्ये शेवटची चाचणी होती. घड्याळ काढा म्हटलं. गोल झकास आला. बारा ते सात नीट आले, आठ सातच्या अंगावर पडला आणि डावीकडे पुन्हा कोरं. आजोबांनी पेन्सिल खाली ठेवली, मग परत उचलली आणि तिच्या टोकाने आकडे मोजायला लागले. आठच्या आकड्यापाशी थांबले. "बारा असतात ना?" म्हणाले. कागद थोडा उजवीकडे सरकवला, नऊ आणि दहा लिहिले, अकरा राहिला. अहवालात मी गुण लिहिले तसे लिहिले, फारसे वाढले नव्हते.

मग त्यांनी न विचारता कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला तळं काढलं. घराच्या धक्क्यावरून. दक्षिणेचा फाटा लांबलचक, सगळ्या खुणांसकट. उत्तरेचा आखूड, बारीक, काढताना हात घसरल्यासारखा, पण होता. त्याच्या टोकाला एक फुली मारली आणि शेजारी 4 लिहिलं.